एफवायबीएस्सी फिजिक्स: लेक्चर कळतं, पण गणित सुटत नाही

गोदाकाठ | २२ सप्टेंबर, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच.

मी परभणी जिल्ह्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग तालुक्याला सायन्स. बारावीला फिजिक्समध्ये ८८ होते. घरचे इंजिनीअरिंग म्हणत होते, मी हट्टाने बीएस्सी फिजिक्स घेतलं आणि पुण्यात आलो. आजवर एकही लेक्चर बुडवलेलं नाही. सर फळ्यावर डेरिव्हेशन करतात तेव्हा ओळ न् ओळ कळते. खोलीवर येऊन वही वाचली तरी कळते. पण धड्यामागचं एखादं गणित घेऊन बसलो की सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही. परवा इंटर्नलचे मार्क लागले. २० पैकी ६. घरी अजून सांगितलेलं नाही.

उदाहरण देतो. गुळगुळीत गोलाच्या माथ्यावरून एक छोटा ठोकळा घसरायला लागतो. किती खाली आल्यावर तो गोलाचा पृष्ठभाग सोडेल? काल यावर दीड तास घालवला. ऊर्जेच्या अक्षय्यतेचं समीकरण मांडलं, वेग मिळाला. पुढे काहीच नाही. शेवटी मागे उत्तर बघितलं: त्रिज्येच्या एक तृतीयांश खाली. ते कसं आलं हे अजूनही कळलेलं नाही.

माझं नेमकं कुठे चुकतंय?

आडवाटेचा | रात्री ११:३२

दीड तास बसलास ना, मग बरोबरच चाललंय. फक्त उत्तर इतक्यात बघायचं नव्हतं. माझ्या पहिल्या सेमला दोन विषयांत एटीकेटी होती, आज फिजिक्सच शिकवतो. घरी सांगून टाक, हलकं वाटेल.

नीरव | २३ सप्टेंबर, सकाळी ८:०५

मी थोडं वेगळं सांगतो. मागच्या पाच वर्षांचे पेपर मिळव आणि ते सगळे सोडव. प्रश्न फिरून फिरून तेच येतात. माझे बीएस्सीचे तीनही वर्ष फर्स्ट क्लास याच पद्धतीने निघाले. धड्यामागची गणितं करत बसलास तर सिलॅबस कधी संपणार? गावाकडून आलेल्या मुलाला मार्कांची गरज आधी असते. स्कॉलरशिप, हॉस्टेल, सगळं त्यावरच.

फळा_खडू | सकाळी १०:४७

गोदाकाठ, मी ३१ वर्षं नाशिक जिल्ह्यात बीएस्सीला फिजिक्स शिकवलं. "सर, लेक्चर कळतं पण गणित सुटत नाही" हे वाक्य दर सप्टेंबरात ऐकायचो, आणि ते सांगायला येणारी मुलं बहुतेक वेळा मनापासून अभ्यास करणारी असायची.

डेरिव्हेशनमध्ये पुढची ओळ कोणती हे सर ठरवतात. तू ती बरोबर आहे का एवढंच तपासत असतोस, आणि तपासायला तुला चांगलं जमतं. गणितात मात्र ती ओळ ठरवायची असते. हे काम बारावीपर्यंत कुणी तुझ्याकडून करून घेतलेलं नाही. म्हणून आजपासून एक कर. लेक्चर झालं की त्याच संध्याकाळी वही मिटून कोऱ्या कागदावर तेच डेरिव्हेशन लिहायला घे. जिथे अडशील तिथे वही उघडायची नाही. "इथे मला काय हवंय?" असं कागदावर मराठीत लिहायचं. वाक्य पूर्ण लिहायचं, नुसतं प्रश्नचिन्ह काढून चालणार नाही.

आता तुझा ठोकळा. प्रश्नात "पृष्ठभाग सोडेल" असं म्हटलंय. हे सोडणं तू गणितात आणलंच नाहीस. तुझ्या ऊर्जेच्या समीकरणाला त्यातलं काही ठाऊक नाही. ठोकळ्याऐवजी तारेत ओवलेला मणी असता, जो कधीच सुटू शकत नाही, तरी तुझं समीकरण हेच राहिलं असतं. मग सुटणाऱ्या ठोकळ्यात आणि मण्यात फरक काय? ठोकळा गोलाला टेकलेला आहे तोवर गोल त्याचं काय करतोय? सुटला की काय थांबतं? पुढचं लिहीत नाही.

नीरव, जुने पेपर सोडवावेत, माझी हरकत नाही. पण ते परीक्षेआधीच्या पंधरवड्यात.

गोदाकाठ | दुपारी १:२०

टेकलेला आहे तोवर गोल ढकलतोय. सुटला की ढकलणं बंद. म्हणजे नॉर्मल फोर्स शून्य?? थांबा, करून बघतो.

गोदाकाठ | दुपारी २:०४

आलं सर!!!

ठोकळा वर्तुळात फिरतोय, म्हणून केंद्राकडे बल हवं. ते वजनाच्या घटकातून नॉर्मल वजा करून मिळतं. नॉर्मल शून्य केला की वेगाचा वर्ग बरोबर जी (गुरुत्वीय त्वरण) गुणिले त्रिज्या गुणिले कॉस थीटा (थीटा म्हणजे माथ्यापासूनचा कोन). ऊर्जेवरून तोच वर्ग बरोबर २ गुणिले जी गुणिले त्रिज्या गुणिले (१ वजा कॉस थीटा). दोन्ही समान मांडले, कॉस थीटा २/३ आला. वस्तुमान कटलं, जीसुद्धा कटला! म्हणजे चंद्रावरही ठोकळा तिथेच सुटणार?

फळा_खडू | दुपारी २:३०

तिथेच. साधारण ४८ अंशांवर. शेवटचा प्रश्न तू आपणहून विचारलास, त्याचा मला जास्त आनंद झाला.

आता ठोकळ्याच्या जागी भरीव गोळी घे, न घसरता गडगडत येणारी. मोठ्या गोलापुढे गोळी अगदी लहान धर. घाई नाही. दिवाळीपर्यंत कर.

सोडियम_दिवा | रात्री ९:१५

मी शिक्षक नाही. एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये २६ वर्षं सहायक आहे. गणिताचं वर सरांनी सांगितलं, मी प्रॅक्टिकलचं सांगतो, कारण मुलं तिथेच सगळ्यात जास्त घालवतात.

न्यूटन्स रिंग्जचं घ्या, म्हणजे सपाट काचेवर फुगीर भिंग ठेवून दिसणाऱ्या काळ्या-उजळ रिंगा. डार्करूममध्ये सोडियमचा दिवा लावला की आधी लालसर गुलाबी पेटतो. पिवळा पूर्ण यायला दहाएक मिनिटं जातात. तेवढाही दम नसतो, लगेच "सर, रिंगा दिसत नाहीत". रिंगा दिसल्या की मधला ठिपका बघायचा, तो काळा हवा. उजळ असेल तर भिंग आणि काच यांच्यामध्ये धूळ बसलीय. काढा, मऊ कापडाने पुसा, परत ठेवा. मग मायक्रोस्कोप डावीकडे विसाव्या रिंगेच्याही पुढे, बाविसाव्यापर्यंत न्या आणि तिथून एकाच दिशेने या. मधला ठिपका ओलांडून उजवीकडच्या विसाव्यापर्यंत. मध्ये मोजायला चुकलात आणि स्क्रू उलटा फिरवलात की बॅकलॅश आलाच. स्क्रू फिरतो, पण मायक्रोस्कोप थोडा वेळ जागचा हलत नाही. तुमच्या रीडिंगमध्ये ती खोट गुपचूप बसते. चुकलात तर पहिल्यापासून यायचं, दुसरा उपाय नाही.

१०० सेंटिमीटर वक्रता त्रिज्येचं भिंग असेल तर दहाव्या काळ्या रिंगेचा व्यास जेमतेम ४.९ मिलिमीटर भरतो. तेवढ्याशा जागेत डोळा लावून चाळीस रीडिंगं घ्यायची. पाठ दुखते. पण मग व्यासाचा वर्ग आणि रिंगेचा क्रमांक यांचा ग्राफ काढला की ठिपके एका रेषेत येऊन बसतात, आणि त्या रेषेच्या चढावरून प्रकाशाची तरंगलांबी निघते. मिलिमीटरचा दीड हजारावा भागसुद्धा नसलेली गोष्ट हाताने मोजलेली असते. तो ग्राफ काढल्यावर मुलांचे चेहरे मी पाहिलेत.

आणि दुसरी मुलंही पाहिलीत. मागे आमच्याकडचं एक भिंग फुटलं, नवीन वेगळ्या त्रिज्येचं आलं. तरी त्या वर्षी सात जर्नलांत जुन्या भिंगाची रीडिंगं होती. सिनियरच्या जर्नलवरून उतरवलेली. मला फार वाईट वाटलं. दिवा, भिंग, मायक्रोस्कोप सगळं मांडून मी बाहेर उभा असतो आणि मुलं आत बसून उतरवत असतात.

गोदाकाठ, तू असं करू नकोस बाबा.

नीरव | रात्री ९:५०

दादा, तुमची कळकळ कळते. पण मुलांचीही बाजू आहे. एका सेटअपवर चार जण, वेळ मोजका, आणि उत्तर "बरोबर" आलं नाही तर व्हायवाला एक्स्टर्नल विचारतात. आमच्या वेळी जी मोजायच्या केटरच्या पेंड्युलमला तो ९८० (सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग) आला नाही तर परत करायला लावायचे. मग लोक ९८० धरून उलटं कॅल्क्युलेशन करायचे आणि रीडिंग भरायचे. पद्धतच तशी असेल तर मुलांना दोष का?

दूरदेशी | रात्री ११:४५

नीरव, तुमच्या मुद्द्याशी अर्धा सहमत, पण त्या ९८० वर बोलल्याशिवाय राहवत नाही.

पुण्यात जी ९८० नाहीच! जे प्रमाण मूल्य छापतात, ९८०.६६५, ते साधारण ४५ अंश अक्षांशाच्या आसपासचं आहे. पृथ्वी विषुववृत्ताकडे फुगलेली आहे आणि स्वतःभोवती फिरतेही, म्हणून आपल्याकडे जी कमी. पुणे साडेअठरा अंशांवर आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, तिथे तो ९७८.४ च्या जवळपास येतो. केटरचा पेंड्युलम नीट केला तर हा फरक दिसू शकतो. म्हणजे ९७८ काढणारा मुलगा बरोबर होता आणि त्याला परत करायला लावलं. उलटं कॅल्क्युलेशन करणाऱ्यांनी चुकीचं उत्तर मेहनतीने जुळवलं.

मी जर्मनीत पीएचडी करतो. इथे माझं अर्धं काम म्हणजे स्वतःच्या मापनातली त्रुटी किती आणि कुठून आली हे शोधणं. बीएस्सीला एरर अॅनालिसिस हा एक धडा असतो आणि आम्ही तो ऑप्शनला टाकला होता. त्याची किंमत नंतर वर्षभर मोजली.

सोडियम_दिवा | २४ सप्टेंबर, सकाळी ७:३०

दूरदेशी, हे ९७८ चं मला माहीत नव्हतं. प्रिंट काढून लॅबच्या बोर्डावर लावतो.

मेघना_आई | सकाळी ११:००

अवांतर होतंय, माफ करा. माझी लेक बारावीत आहे आणि तिलाही फिजिक्सच करायचंय. आम्हा दोघांना या क्षेत्रातलं काही माहीत नाही. नातेवाईक विचारतात, "बीएस्सी करून पुढे काय, शिक्षिका होणार?" तिला अडवायचं नाहीये, पण कुणी नीट सांगेल का?

आडवाटेचा | सकाळी ११:४०

मेघनाताई, शिक्षिका झाली तर उत्तमच. पण रस्ते बरेच आहेत.

बारावीनंतर लगेच आयसर, म्हणजे केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, हा एक. पाच वर्षांचा बीएस-एमएस, देशात सात संस्था, पुण्याची २००६ मध्ये सुरू झाली. प्रवेशासाठी त्यांची वेगळी परीक्षा असते. नेस्ट ही प्रवेश परीक्षा दिली तर भुवनेश्वरची नायसर ही संस्था किंवा मुंबई विद्यापीठातलं सीईबीएस हे मूलभूत विज्ञानाचं केंद्र. साधं बीएस्सी केलं तरी काही बिघडत नाही. त्यानंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येतं. एमएस्सीनंतर प्राध्यापकीसाठीच्या नेट-सेट परीक्षा, पीएचडी. भाभा अणुसंशोधन केंद्राचं (बीएआरसी) ट्रेनिंग स्कूल एमएस्सी फिजिक्सवाल्यांनाही घेतं.

जॅमवरून नीरवला एक सांगायचंय. तीन तासांत ६० प्रश्न, त्यातले २० असे की पर्यायच नसतात, नुसता आकडा काढून भरायचा. तिथे जुन्या पेपरांचं पाठांतर कामी येत नाही. मी स्वतः पहिल्या प्रयत्नात त्याच वीस प्रश्नांत आपटलो.

किरणोत्सारी | दुपारी ३:१०

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. एमएस्सीनंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केला, आता कॅन्सर रुग्णालयात काम करते. रुग्णाला रेडिएशन देणाऱ्या यंत्रातून नेमका किती डोस निघतोय हे तपासणं माझी जबाबदारी. पाण्याच्या टाकीत एक छोटं आयन चेंबर ठेवून मोजायचं. चेंबरमध्ये हवा असते, आणि तिचं प्रमाण खोलीच्या तापमानावर आणि हवेच्या दाबावर अवलंबून, म्हणून प्रत्येक रीडिंगला त्यासाठी दुरुस्ती करावी लागते. ती बारावीतल्या आदर्श वायूच्या समीकरणावरून येते. थर्मामीटर वाचताना चूक झाली तर ती समोर झोपलेल्या माणसाच्या डोसमध्ये उतरते. सोडियम_दिवा यांचं सकाळी वाचलं आणि आमच्या कॉलेजचे लॅबमधले काका आठवले. त्यांनी मला व्हर्निअर तीनदा परत वाचायला लावलं होतं. तेव्हा राग आला होता.

मेघनाताई, लेकीला जरूर करू द्या.

खोडदकर | संध्याकाळी ६:२५

आमच्या गावाचं नाव अजून कुणी घेतलं नाही! नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. चौदा मध्यभागी जवळजवळ, बाकी सोळा तीन दिशांना पार २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या वेळी, तिथे प्रदर्शन असतं आणि आत जाऊन बघता येतं. मी शेतकरी आहे, फिजिक्स शिकलेलो नाही, पण दरवर्षी पुतण्यांना घेऊन जातो. तिथल्या एका मुलीने समजावलं होतं की तीसही अँटेनांना आलेल्या लहरी एकमेकींशी ताडून बघतात, म्हणून त्या मिळून एका प्रचंड दुर्बिणीचं काम करतात. गोदाकाठ, फेब्रुवारीत ये. मुक्कामाला घर आहे.

दूरदेशी | रात्री १०:३०

आणि न्यूटन्स रिंग्जमध्येही दोन लहरींचं जुळणं-न जुळणंच बघतो आपण. तिथे अंतर धुळीच्या कणाएवढं, इथे नारायणगावच्या शिवाराएवढं.

गोदाकाठ | २५ सप्टेंबर, रात्री १२:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी फोन करून मार्क सांगितले. बाबा म्हणाले, "सहा तर सहा, आता पुढचं बघ."

एक विचारायचं राहिलं होतं. इंग्रजी. वर्गात पुण्याची मुलं पटापट उत्तरं देतात आणि मी मनात आधी संवेग म्हणजे मोमेंटम, त्वरण म्हणजे अॅक्सिलरेशन असं लावत बसतो. तोवर सर पुढे गेलेले असतात. मराठीत विचार करायचं सोडून द्यायला हवं का?

दूरदेशी | रात्री १:०५

अजिबात सोडू नकोस. मीही मराठी माध्यमाचा, सांगलीकडचा. वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने कर: अपवर्तन, अपस्करण, विवर्तन, विस्थापन, जडत्व, आणि समोर इंग्रजी शब्द. महिन्याभरात ते पान उघडावं लागत नाही. पण विचार ज्या भाषेत होतो त्या भाषेत होऊ दे. उलट आपला एक फायदा आहे. शाळेत आपल्याला चाल वेगळी आणि वेग वेगळा हे दोन शब्दांनी शिकवलंय, ते डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आणि परवा तुला ठोकळा सुटला तो "टेकलेला आहे तोवर ढकलतोय" या वाक्याने सुटला. ते वाक्य तुला इंग्रजीत सुचलं असतं का?

फळा_खडू | सकाळी ९:२०

दूरदेशींशी पूर्ण सहमत. पेपर इंग्रजीत लिहायचाय, त्याचा सराव वेगळा कर. सर पुढे गेले तर हात वर कर आणि मराठीत विचार. पुण्यातल्या शिक्षकांना मराठी येतं.

आडवाटेचा | सकाळी ९:४४

गोदाकाठ, आणखी दोन नावं टिपून ठेव. आयएपीटी या फिजिक्स शिक्षकांच्या संघटनेची एनजीपीई ही परीक्षा बीएस्सीच्या मुलांसाठीच असते, आणि मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा उपक्रमही. तुझ्या विभागात चौकशी कर, अर्ज भर. निवड झाली नाही तरी त्यांचे जुने प्रश्न सोडवण्यासारखे असतात.

गोदाकाठ | १९ डिसेंबर, रात्री १०:५०

धागा वर काढतोय. सेमची परीक्षा झाली, निकाल लागायचाय. दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली लॅबमधली. साध्या लोलकाला "कोन लहान ठेवा" म्हणतात, का ते मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. गणिताच्या तासाला टेलर सीरिज झाली आणि लक्षात आलं की साइन थीटाच्या जागी थीटा लिहिताना आपण पुढची टर्म टाकून देतो. मग आमच्या लॅबच्या मावशींना विनंती करून जेवणाच्या सुट्टीत थांबलो. एक मीटरचा लोलक, वीस आंदोलनं. लहान कोनाला ४०.२ सेकंद. ३० अंशांवरून सोडला तर ४०.८. तीनदा केलं, तीनदा फरक तेवढाच. टाकून दिलेली टर्म स्टॉपवॉचमध्ये दिसली. हे प्रॅक्टिकलच्या यादीत नव्हतं, तरी मी जर्नलला जोडलं आणि मॅडमनी त्यावर सही केली.

दुसरी फळा_खडू सरांची गोळी. दिवाळी उलटून गेली, पण झाली. गडगडणाऱ्या गोळीची थोडी ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यात जाते, म्हणून वेग कमी आणि ती जरा उशिरा सुटते. कॉस थीटा १०/१७ आला, म्हणजे ५४ अंशांच्या आसपास.

पण सर, उत्तर बरोबर असलं तरी मला एक पटत नाहीये. गोळी गडगडते ती घर्षणामुळे. घर्षण जास्तीत जास्त किती, हे नॉर्मलवर ठरतं. आणि नॉर्मल तर शून्याकडे चाललाय. मग सुटण्याच्या आधी असा एक क्षण येणारच ना, जेव्हा घर्षण पुरणार नाही आणि गोळी घसरायला लागेल? मग "न घसरता गडगडत सुटते" असं प्रश्नात म्हणताच कसं येईल?

फळा_खडू | रात्री ११:२५

येत नाही. तुझं म्हणणं बरोबर आहे. घर्षणांक कितीही मोठा घेतलास तरी ती सुटण्याआधी घसरणारच. हा प्रश्न मी वर्षानुवर्षं परीक्षेत घातला आणि मुलांनी १०/१७ लिहून मार्क घेतले. घर्षणांक ०.५ धर आणि ती कुठल्या कोनाला घसरायला लागते ते काढ. मीही आत्ता कागद घेऊन बसतोय, उद्या संध्याकाळी उत्तरं ताडून बघू.